सुलतान बाजारात नांगर शोधताना

सुलतान बाजारात आपण काय काय आणायला जातो? लग्नाचा बस्ता, बांगड्या, ब्लाउजपीस, पितळेच्या समया, शाळा उघडताना पुस्तके. बीदर-भालकीकडच्या आपल्या घरांत सुलतान बाजारची एकही वस्तू नाही असे कपाट शोधून सापडायचे नाही. माझ्या आईचा शालू तिथला, ताईच्या लग्नाच्या साड्या तिथल्या, आणि मी एम.ए. झालो तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेले पेनही तिथलेच. पण गेल्या नोव्हेंबरात मी सुलतान बाजारात गेलो तो नांगर शोधायला. शेतातला नव्हे, होडीचा!

हसू नका. त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या ताईचा मुलगा हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवडाभर संगणकासमोर बसून डोके जड होते म्हणून तो रविवारी हुसेनसागरावर शिडाची होडी चालवायला शिकला. त्याची सासुरवाडी कारवारजवळ सदाशिवगडची, काळी नदीच्या मुखाशी. तिथे त्याने आणि त्याच्या मेहुण्याने मिळून एक जुनी, चौदा फुटी, फायबरची शिडाची होडी घेतली. सुट्टी लागली की मंडळी कारवारला पळतात.

दिवाळीत असेच झाले. दुपारी चारला निघाले तेव्हा समुद्राकडून छान वारा होता. ऊन उतरले तसा वारा पडला, शीड लुळे झाले. आणि नेमकी ओहोटी लागलेली! काळीचे पाणी होडीला समुद्राकडे ओढू लागले. होडीत भाचा, त्याचा मेहुणा आणि भाच्याची नऊ वर्षांची लेक. वल्ही मारून दोघांचे हात भरून आले, तरी होडी मुखाकडेच सरकत होती. होडीबरोबर मिळालेला बारा किलोचा जुना लोखंडी नांगर? तो घराच्या पडवीत! 'फार जड आहे, होडी खरवडते' म्हणून दोघांनी तो पडवीत ठेवला होता आणि त्याच्या जागी दहा किलोचा एक दगड दोरीला बांधून घेतला होता. तो दगड टाकला. तळाला टेकला आणि होडीमागून फरफटत निघाला, दोरीला बांधलेल्या वासरासारखा.

अंधार पडता पडता मासेमारी करून परतणाऱ्या एका मोटरहोडीने त्यांना पाहिले आणि ओढून किनाऱ्याला आणले. तिघांच्याही अंगावर जीवरक्षक जाकिटे होती, कुणाला काही झाले नाही. पण ताईला हे कळले ते नातीच्या तोंडून, फोनवर. नातीने ते गोष्टीसारखे रंगवून सांगितले आणि इकडे ताईचे हातपाय गार पडले. लगेच मला फोन. "साकु आता त्याचं ते होडीचं खूळ! तू मामा आहेस, तू जाऊन सांग. विकून टाक म्हणावं. आणि जातोच आहेस तर सुलतान बाजारातून माझ्या हिरव्या बांगड्या पण आण, दोन-सहाच्या."

अशा दोन कामगिऱ्या घेऊन मी निघालो.

एका स्टेशनाचा प्रवास

भालकीहून बसने हैदराबाद म्हणजे महात्मा गांधी बसस्थानक, आपल्या जुन्या लोकांचे इमलीबन. पूर्वी तिथून गौलीगुडा, पुतळीबावडी अशी पायपीट करत सुलतान बाजार गाठायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये मेट्रोची हिरवी मार्गिका सुरू झाली आणि हे अंतर एका स्टेशनाचे झाले. बाजारातून मेट्रो नेऊ नये म्हणून इथल्या व्यापाऱ्यांनी बरीच वर्षे विरोध केला होता. आता अरुंद रस्त्यावर डोक्यावरून गाडी जाते आणि खाली साडीवाला पूर्वीसारखाच "आओ अम्मा" म्हणून हाक मारतो.

बाजार तसा इंग्रजांच्या आसऱ्याने वाढलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेसिडेंट कर्कपॅट्रिकने कोटीला रेसिडेन्सीचा वाडा बांधला, आणि त्याच्या आसपास जी पेठ वसली ती रेसिडेन्सी बाजार. त्यावर निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत आला आणि नाव पडले सुलतान बाजार. निजामाच्या थेट अंमलाबाहेर असल्याने इथे सभा, संस्था, ग्रंथालये यांना थोडा मोकळा श्वास घेता आला. आर्य समाज इथला, १९०१ चे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषानिलयम इथले. जवळच जांबागेत १९०७ मध्ये केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली विवेकवर्धिनी, आणि इसामिया बाजारातले १९२२ चे मराठी ग्रंथसंग्रहालय. ज्या राज्यात मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी लाखो माणसे होती आणि सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती, तिथे या गल्ल्यांनी किती घरांना आपली भाषा धरून ठेवायला मदत केली, हे आमच्या आजोबांच्या पिढीला विचारायला हवे होते.

भाचा स्टेशनच्या जिन्याशी उभा होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मामा, आईचा निरोप मला ठाऊक आहे. विकायची की नाही ते नंतर ठरवू. पण चूक होडीची नव्हती, नांगर घरी ठेवला ही चूक होती. आज नांगर बघू या."

मी इतिहासाचा मास्तर. युक्तिवादात कारण आणि निमित्त यांतला फरक मुलांना मीच शिकवतो. गप्प बसलो.

विहिरीतला गळ

"पण तू एवढा हुसेनसागरावर शिकलास, तिथे नांगर टाकायला शिकवलं नाही?" मी विचारले.

त्याचे उत्तर विचार करण्याजोगे होते. हुसेनसागर हा १५६२ च्या सुमारास इब्राहिम कुतुबशाहाच्या काळात बांधलेला तलाव. तिथे सिकंदराबादचा सेलिंग क्लब आहे, लष्कराच्या ईएमईची संस्था आहे, मुलांना शिकवणारा यॉट क्लब आहे, जुलैमध्ये मोठ्या शर्यती होतात. पण शर्यतीच्या छोट्या होड्यांत नांगर नसतोच. वारा पडला तर मोटरबोट येते आणि ओढून नेते. तलावाला ओहोटी नाही, आणि फार तर काय, होडी पलीकडच्या काठाला लागेल. नदीच्या मुखाशी मात्र पलीकडे काठ नसतो, अरबी समुद्र असतो!

सुलतान बाजाराला लागूनच ट्रूप बाजार. तिथे नळ, तोट्या, पाइप, साखळ्या, दोर, सगळे लोखंडी जग. आम्ही एका जुन्या दुकानात शिरलो. गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. भाच्याने सांगितले, "लंगर होना." त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघांना न्याहाळले. "लंगर होना बोलके आए, जहाज किधर है मियाँ?"

दुकानातले सगळे हसले. मग पोऱ्याने आतून एक वस्तू आणून काउंटरवर ठेवली. पाहतो तर चार आकड्यांचा गळ! आपल्याकडे विहिरीत घागर पडली की दोरीला बांधून सोडतात तो. कन्नडमध्ये आपण त्याला पाताळगरडी म्हणतो. लहानपणी वाड्याच्या विहिरीतून याच गळाने मी आजीची तांब्याची कळशी काढली होती. मला तर वाटले, झाले काम! दोन-अडीच किलोचा, हलका, वर बांधायला कडी. "हाच घे की."

भाच्याने मान हलवली. होडीसाठीही असाच घडीचा चार आकड्यांचा नांगर मिळतो. आकडे मिटले की छत्रीसारखा होतो, ठेवायला सोपा, म्हणून लहान होडीवाले बहुतेक तोच घेतात. खडकाळ तळावर त्याचा आकडा कपारीत अडकतो आणि छान धरतो. पण वाळूत आणि चिखलात? "मामा, तुम्ही लोण्यात काटा खुपसून ओढा," तो म्हणाला, "काट्याच्या दातांमधून लोणी निघून जातं." काळीच्या मुखाशी वाळू, आत गेले की गाळ. तिथे बारीक दाताचा आकडा कामाचा नाही, रुंद पाते हवे.

इथे मला पहिल्यांदा कळले की नांगर घेताना पहिला प्रश्न 'किती किलोचा' हा नसतो. पहिला प्रश्न 'तळ कसला' हा असतो.

वजन धरत नाही, पाते धरते

कोटीच्या एका इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किटे मागवून भाच्याने मला कागदावर गणित मांडून दाखवले. शिक्षकाला विद्यार्थी व्हायला मिळणे हेही एक सुखच.

तो दहा किलोचा दगड का फरफटला? दगड पाण्यात बुडाला की तो जेवढे पाणी बाजूला सारतो तेवढे वजन हलका होतो. दगड पाण्याच्या सुमारे पावणेतीनपट जड, म्हणजे दहा किलोचा दगड पाण्यात सव्वासहा किलोंचाच उरतो. आणि तो सपाट वाळूवर नुसता पडून राहतो, म्हणजे होडीला अडवतो ती फक्त घर्षणाने. जेमतेम तीन-चार किलोंचा जोर. आता दुसरी बाजू पाहा. पंधरा फुटी होडीवर १५ नॉट म्हणजे ताशी २८ किलोमीटर वाऱ्यात पंचवीस-तीस किलोंची ओढ येते असे धरतात. वारा दुप्पट झाला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. शंभर किलोंच्या वर जाते. वजनाच्या जोरावर होडी धरायची तर अडीचशे-तीनशे किलोंचा दगड लागेल. मग होडीत माणसे कुठे बसणार?

म्हणून नांगर वजनाने धरत नाही. तो तळात रुततो आणि वरची वाळू, चिखल यांच्या भाराने धरतो. तीन किलोचा नीट रुतलेला नांगर तीस किलोच्या दगडाहून जास्त ओढ सोसतो. हे जुन्या दर्यावर्दींनाही ठाऊक होते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग परिसरात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना दगडी नांगर सापडले आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा एका प्रकारच्या लांबट दगडी नांगराला वर दोरासाठी गोल भोक असते आणि खाली दोन चौकोनी भोके. त्या चौकोनी भोकांत लाकडी खुंट ठोकायचे, ते तळात रुतावेत म्हणून. नुसत्या दगडावर त्यांचाही विश्वास नव्हता!

हलक्या नांगराचा खरा शोध मात्र विसाव्या शतकातला. केंब्रिजचे प्रसिद्ध शास्त्रज्ञ जेफ्री टेलर हे स्वतः शिडाची होडी चालवत. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तो काळ. विमानाला जड नांगर परवडत नाही. १९३३ मध्ये टेलरनी एक नवा नांगर काढला आणि त्याला नाव दिले सी-क्यू-आर. ही तीन अक्षरे भरभर म्हणा, इंग्रजी 'सिक्युअर' ऐकू येईल. आणि त्याचा आकार कसला? शेतातल्या नांगराच्या फाळाचा! पाठीला पाठ लावलेले दोन फाळ. ओढ बसली की जमिनीत शिरणारे. हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. आपल्या मराठीत दोघांनाही नांगरच म्हणतात. शेतातला नांगर संस्कृत लाङ्गलावरून आलेला, कन्नडच्या नेगिलुचा भाऊबंद. होडीचा नांगर फारसी लंगरावरून, कन्नडमध्ये तो लंगरुच राहिला. दोन वेगळ्या घराण्यांचे शब्द मराठीत एकाच रूपाला आले, आणि पुढे तिकडे केंब्रिजमध्ये एका शास्त्रज्ञाने त्या दोन वस्तूही एक केल्या!

काळीसाठी भाच्याने निवडलेला प्रकार मात्र तिसराच, डॅनफर्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिचर्ड डॅनफर्थ यांनी काढलेला. युद्धात सैनिक उतरवायला किनाऱ्यावर चढलेल्या होड्या याच नांगराच्या आधाराने स्वतःला परत पाण्यात ओढून घेत. दोन सपाट त्रिकोणी पाती, मध्ये दांडा. पाती बिजागरीवर दोन्हीकडे सुमारे तीस अंश फिरतात. कशीही पडली तरी टोके खाली वळतात आणि ओढ बसली की कुदळीसारखी आत शिरतात. ठेवताना सपाट होतो, होडीच्या तळाशी फळीखाली बसतो. वाळू आणि घट्ट चिखल यांत वजनाच्या मानाने याच्यासारखा धरणारा विरळा.

दोषही सांगायला हवेत. खडकावर तो घसरतो. दाट पाणवनस्पतीवर पाती आत शिरत नाहीत, वरच्या वर सरकतात. एखादा शिंपला, काडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी बिजागरीत अडकली की पाती वळत नाहीत आणि मग तो नुसता पत्रा. आणि भरती-ओहोटी बदलली की होडी गर्रकन फिरते, ओढ उलट्या बाजूने बसते. तेव्हा नांगर उपटून निघू शकतो, आणि पुन्हा रुतेलच याची हमी नाही. म्हणून नांगर टाकून झोपायचे नाही, पाणी फिरण्याच्या वेळी जागे राहायचे.

याच आकाराचे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेही नांगर मिळतात, पोलादीच्या जवळजवळ निम्म्या वजनाचे. मी म्हटले, हलकाच हवा तर तो घे. भाचा म्हणाला, "हलकेपणालाही मर्यादा आहे मामा. वाहत्या पाण्यात फार हलका नांगर तळाला जायच्या आधी पतंगासारखा वाहत जातो. काळीला ओढ आहे. तीन किलोचा पोलादी, वर जस्ताचा मुलामा. बास."

तो नांगर ट्रूप बाजारात मिळायचा नव्हताच. तो बंदराच्या गावाहून मागवावा लागला. पण नांगर म्हणजे नुसता नांगर नव्हे. त्याला साखळी लागते, शॅकल लागते आणि दोर लागतो. ते सगळे इथे होते. आम्ही पुन्हा त्या दाढीवाल्या चाचांकडे गेलो.

बादलीतला दोर

साखळी किलोवर मिळते. सहा मिलीमीटर जाडीची, जस्त चढवलेली तीन मीटर साखळी काट्यावर ठेवली तर सुमारे अडीच किलो भरली. "लंगर तीन किलो, साखळी अडीच, मग हलकं काय झालं?" मी विचारले. साखळीचे काम वेगळे. नांगराला ओढ जमिनीसरशी बसली तर तो रुततो, वरून बसली तर उपटतो. साखळी आपल्या वजनाने दोराचे खालचे टोक तळाशी दाबून धरते. शिवाय शिंपल्या-दगडांवर दोर घासून तुटतो, साखळी तुटत नाही.

मग दोर. चाचांनी निळ्या दोराचे बंडल काढले, स्वस्त आणि मस्त. भाच्याने पोऱ्याकडे पाण्याची बादली मागितली, निळ्या दोराचा वीतभर तुकडा आणि पांढऱ्या नायलॉनचा वीतभर तुकडा आत टाकला. निळा तरंगला. नायलॉन हळूच तळाला गेला. निळा दोर पॉलिप्रोपिलीनचा, पाण्याहून हलका. पाण्यावर तरंगणारा दोर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मोटरहोड्यांच्या पंख्यात अडकायला आमंत्रणच, आणि उन्हाने तो लवकर जीर्ण होतो. नायलॉन बुडतो आणि ताणला की लवतो. लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोचायच्या आत दोरच तो पिऊन टाकतो. आठ मिलीमीटरचा नायलॉन घेतला.

"कितना मीटर?"

"चालीस."

चाचा पुन्हा हसले. त्यांना वाटले, काळीचे पाणी चाळीस मीटर खोल असेल. मलाही तसेच वाटले. पण गणित असे आहे. पाणी तीन मीटर, भरतीला वर चढणारे दोन मीटर, आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पाण्यावर अर्धा मीटर. एकूण साडेपाच. त्याच्या पाचपट ते सातपट दोर सोडायचा असतो, म्हणजे सत्तावीस ते अडतीस मीटर. का? तिप्पट दोर सोडला तर ताणलेल्या दोराचा तळाशी साडेएकोणीस अंशांचा कोन होतो, पाचपट सोडला तर साडेअकरा, सातपट सोडला तर सुमारे आठ. कोन जितका कमी तितकी ओढ आडवी, आणि तितका नांगर खोल रुतणार. आखूड दोरावर जगातला उत्तमातला उत्तम नांगरही उपटून वर येतो.

नांगर परत काढायचा तेव्हा हेच उलट करायचे. दोर गोळा करत होडी नांगराच्या बरोबर डोक्यावर आणायची आणि सरळ वर ओढायचे. जो सातपट दोरावर वादळात हलत नाही, तो असा सहज निघतो.

नांगर तीन, साखळी अडीच, दोर दीड. सगळे मिळून सात किलो. पडवीतल्या त्या एकट्या नांगराच्या निम्म्याहून थोडे जास्त. नऊ वर्षांच्या पोरीलाही सरकवता येईल एवढे. हलका नांगर का घ्यायचा, याचे एका वाक्यातले उत्तर मला तिथे मिळाले: कारण तो घरी राहत नाही. पडवीतला बारा किलोचा नांगर कितीही चांगला असला, तरी त्या संध्याकाळी त्याचा उपयोग शून्य होता.

बिल करताना चाचांना गप्पांची लहर आली. म्हणाले, लंगर म्हणजे नुसता जहाजाचा नव्हे. कुतुबशाहीच्या काळात शाहजादा अब्दुल्लाला घेऊन एक हत्ती बेफाम सुटला. मूल कित्येक दिवस सापडेना. आई हयातबक्षी बेगमने नवस केला, की लेक सुखरूप परत आला तर हत्तीच्या साखळदंडाएवढा सोन्याचा लंगर हुसेनी आलमला वाहीन. लेक आला, तिने नवस फेडला, आणि मोहरमच्या दिवसांत 'लंगर'ची मिरवणूक सुरू झाली. हत्तीच्या पायातली साखळी तीही लंगर, जहाज धरते तेही लंगर. मी म्हटले, आमच्या बीदरला नानक झिरा गुरुद्वारात सगळ्यांना जेवू घालतात त्यालाही लंगरच म्हणतात. "वोइच बात," चाचा म्हणाले, "जो पकड़ के रखे, वो लंगर."

लांब दोर

बांगड्यांच्या गल्लीत ताईच्या हिरव्या बांगड्या घेताना माझ्या डोक्यात तो दोरच घोळत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा आमचा जुना बीदर जिल्हाही तीन वाटांनी गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात. आजोबांचा एक भाऊ उदगीरला, बहीण झहीराबादला, आणि आम्ही इकडे. घरात मराठी, बाजारात कन्नड, आजोबांच्या कागदपत्रांत उर्दू. तरी लग्न ठरले की तिन्हीकडची माणसे बस्ता बांधायला सुलतान बाजारातच भेटत. ताईच्या बस्त्याला तिन्ही घरांतून आलेली बावीस माणसे एका दुकानाच्या गादीवर बसलेली मला आठवतात. कुणी कुणाला बांधून ठेवले नव्हते.

रात्री ताईला फोन केला. "सांगितलंस का त्याला?" तिने विचारले. मी म्हटले, "ताई, होडी विकली तर तो दुसऱ्याच्या होडीतून जाईल, आणि त्या होडीत नांगर आहे की नाही हे आपल्याला कळणारही नाही." मग तिला कोनांचे गणित सांगितले. अर्धे तिला कळले नाही. पण आखूड दोरावर नांगर उपटतो, एवढे तिला बरोबर कळले. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोरगी मात्र तू असल्याशिवाय जायची नाही त्या होडीत."

काळीवर

म्हणून जानेवारीत मी सदाशिवगडला गेलो. मला पोहता येत नाही. जीवरक्षक जाकीट घालून, देवाचे नाव घेत होडीत बसलो. घरून निघताना भाच्याने भरती-ओहोटीच्या वेळा पाहून कागदावर लिहिल्या होत्या. दिवाळीत हे झाले नव्हते. नव्या शॅकलच्या खिळ्याला त्याने तारेने बांधून टाकले होते, हिसक्यांनी सैल होऊ नये म्हणून. आणि दोराचे दुसरे टोक होडीच्या कडीला पक्के. हे सांगायची गरज आहे का? आहे. दोर बांधायला विसरून नांगर, साखळी, दोर सगळे एकदम पाण्यात घालवणारी माणसे असतात म्हणे!

किनाऱ्यापासून थोडे दूर, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर शीड उतरवले. नांगर फेकला नाही. नाळेवरून हात हात दोर सोडत तळाला टेकवला. मागून, म्हणजे वरवरच्या सोयीसाठी इंजिनाच्या बाजूने, कधी टाकायचा नाही. लाट मागून आत शिरते. मग होडी ओहोटीबरोबर मागे जाऊ दिली आणि दोर सोडत राहिलो. तीस मीटर सुटल्यावर भाच्याने दोर कडीला फास मारून बांधला. दोर हळूहळू ताणला, पाण्यातून वर येऊन ठिबकू लागला, आणि होडी वळून नाळ प्रवाहाकडे करून उभी राहिली. पाणी दोन्ही बाजूंनी खळखळत चालले होते, आम्ही जागच्या जागी.

"धरला का?" मी विचारले.

"ते असं दोराकडे बघून कळत नाही मामाआजोबा," भाच्याची लेक म्हणाली. तिला बापाने शिकवून ठेवले होते. किनाऱ्यावरच्या एकामागे एक अशा दोन खुणा धरायच्या. तिने पुढचा एक माड आणि मागचा घराचा पत्रा धरला होता. होडी सरकली तर माड पत्र्यावरून बाजूला जाणार. ती डोळे बारीक करून पाच मिनिटे बघत बसली. आम्ही दोघे तिच्याकडे बघत बसलो.

"माड पत्र्यावरच आहे," ती म्हणाली. मग डबा उघडला. आईने दिलेल्या पोळ्या, ताईने माझ्याबरोबर पाठवलेली शेंगाचटणी, सासुरवाडीची तळलेली मासळी. खाता खाता दर थोड्या वेळाने ती मान वळवून माडाकडे बघत होती.